हरळी काढायची तर मे महिन्यात काढा, रोटर मात्र मारू नका

रान हरळीने भरलं की बरेचजण आधी रोटर (ट्रॅक्टरमागचं माती बारीक करणारं रोटाव्हेटर) मारतात, चार दिवस रान एकदम क्लीन दिसतं आणि पाऊस पडला की आधी नव्हती तिथंही हरळी उगवून येते. कारण हरळी बियांपेक्षा कांड्यांवरच जास्त पसरते. वर जमिनीला चिकटून धावणारे वेल आणि खाली पांढऱ्या टणक काशा, म्हणजे जमिनीतली खोडं, दोन्हीला पेरापेरावर डोळा असतो, आणि एक पेर असलेला बोटभर तुकडा जरी ओलीत पडला तरी त्याला मुळ्या सुटतात. म्हणजे रोटरने तुकडे करून आपण तिची लागवडच करून देतो.

आधी हरळीच आहे ना ते बघून घ्या. दांडा बोटांत फिरवा, तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा, त्याच्या गाठी खाली असतात आणि त्याला इलाज वेगळा. हरळीचं पान खाली ओढून बघितलं तर जोडापाशी बारीक पांढऱ्या केसांची रेघ दिसते, आणि तुऱ्याला एकाच जागेवरून चार-पाच बोटं फुटलेली असतात.

आता मेन काम. रब्बी निघाली की ओल उडू द्या आणि एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करा, ढेकळं उलटी पडून काशा उघड्या पडल्या पाहिजेत. रान दोन-तीन आठवडे तापू द्या, मग कुळवाची (माती मोकळी करणाऱ्या अवजाराची) पाळी घाला, काशा वर ओढल्या जातात, त्या वेचायच्या. वेचणी कंटाळवाणी आहे, मजुरी पण लागते, पण ती टाळून हरळी जात नाही. मध्येच वळीव होईल असं वाटलं तर वेचणी आधी उरका, कारण भिजल्या की त्या परत फुटतात. वेचलेला ढीग बांधावर किंवा शेणखतात टाकू नका, पूर्ण वाळवून जाळा.

हरळीला सावली अजिबात सोसत नाही, त्यामुळे पावसाळ्यात त्या रानात ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं दाट पेरा आणि फुलावर यायच्या टायमाला जमिनीत गाडा.

तणनाशकच वापरायचं असेल तर ग्लायफोसेट फक्त रिकाम्या रानात, पिकावर उडालं तर पीकही जातं. हरळी हिरवीगार वाढत असतानाच मारा, औषध पानातून काशांपर्यंत उतरतं, सुकलेल्या हरळीवर पैसे वाया. पाणी स्वच्छ घ्या, गढूळ पाण्यातल्या मातीला ते चिकटून बसतं आणि काम करत नाही. नंतर दोन आठवडे रान हलवू नका. सोयाबीन उभं असेल तर क्विझालोफॉप चालतं, ते गवतवर्गीय तणांवरच काम करतं, लव्हाळ्याला त्याने काही होत नाही. डोस लेबलवर बघूनच घ्या.

बांधावरची हरळी मात्र मुळासकट काढू नका राव, बांधाची माती तीच धरून ठेवते आणि जनावरंही आवडीने खातात. बांध आणि पीक यांच्यात फूटभर पट्टा मोकळा ठेवा आणि पावसाळ्यात त्यात आलेले वेल दर पंधरा दिवसांनी खुरप्याने तोडत जा.