कोकणच्या पडवीत निवडुंगाचे बी धरताना

छोट्या निवडुंगांच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागांवर बी धरत नाहीत. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे मी सलग दोन उन्हाळे मॅमिलारिया या छोट्या निवडुंगाच्या दोन कुंड्यांतील फुलांवर रोज दुपारी ब्रश फिरवला आणि एकही फळ हाती लागले नाही. ती दोन्ही रोपे एकाच झाडाची पिल्ले होती, म्हणजे एकच झाड दोन कुंड्यांत वाढत होते. म्हणून बी धरायचे असेल तर एकाच जातीची, पण वेगवेगळ्या बियांपासून वाढलेली निदान दोन रोपे, आणि जमल्यास दोन निरनिराळ्या रोपवाटिकांमधून आणलेली, जवळ असली पाहिजेत. कलम केलेली लाल-पिवळी रंगीत निवडुंगे या कामासाठी घेऊ नयेत, कारण त्यांच्यात हरितद्रव्य नसल्यामुळे तशीच रंगीत निपजणारी रोपे कलमाशिवाय जगत नाहीत.

जातींची निवड हवामान पाहून करावी. रेबुटियासारख्या डोंगरी जातींना कळ्या धरण्यासाठी कोरडी, कडक थंडी लागते आणि ती किनारपट्टीवर मिळत नाही. जिम्नोकॅलिशियम मिहानोविची ही मूळची पॅराग्वेकडील जात मात्र पडवीच्या उजेडातही फुलते. ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास ही टेक्सास व ईशान्य मेक्सिकोतील बिनकाट्याची जात कूज लवकर पकडते. तरीही तिचे घरचे बी धरण्यात मला विशेष समाधान वाटते, कारण मूळ अधिवासात ती संकटात आहे आणि धोक्यातील वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात तिला परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, स्थान आहे. कुंडीत धरलेल्या बियांपासून जितकी रोपे तयार होतील, तितकी रानातून उपटलेल्या झाडांची मागणी कमी होईल. ज्यांच्याकडे एकच रोप आहे त्यांनी फ्रेलिया, मॅमिलारिया प्रोलिफेरा किंवा मेलोकॅक्टस यांपासून आरंभ करावा. या जाती एकट्याही बी धरतात, आणि फ्रेलियाचे फूल तर पुष्कळदा न उमलताच फळ होते. मेलोकॅक्टसला उष्ण, दमट हवा मानवते, मात्र ज्या लोकरी टोपीतून त्याची फुले येतात, ती डोक्यावर तयार होईपर्यंत काही वर्षे वाट पाहावी लागते.

कोकणात वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उन्हाची भीती आपल्याकडे फारशी नाही. खरे नुकसान होते ते झडीच्या दिवसांत, जेव्हा आठवडाभर मळभ असते आणि कुंडीतील माती सुकतच नाही. त्यामुळे कुंड्या पागोळीपासून दूर, पत्र्याच्या किंवा पारदर्शक छताखाली, पण वारा खेळता राहील अशा ठिकाणी ठेवाव्यात आणि जूनच्या मध्यापासून पाणी जवळजवळ बंद करावे. मातीसाठी जांभा दगडाचा मुगाएवढा चुरा दोन भाग, नदीची धुतलेली जाड वाळू एक भाग आणि चाळलेले पानांचे कुजलेले खत एक भाग हे मिश्रण मला उत्तम वाटते. चुऱ्यातील बारीक लाल धूळ मात्र चाळून काढावी, नाहीतर ती तळाशी चिखलासारखी बसते. समुद्राची वाळू खारट असते व तिच्यात शिंपल्यांचा चुनाही असतो, म्हणून ती वापरू नये. नारळाच्या काथ्याचा भुसा वापरायचा असल्यास त्यातील क्षार जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांत धुवावा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मे महिन्यात मचूळ होते, तेही या रोपांना घालू नये.

फळ पावसापूर्वी पिकावे यासाठी फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंतच्या फुलांवरच भर द्यावा. ऊन चढल्यावर फूल पूर्ण उमलते, पुंकेसरांवर पिवळी भुकटी मोकळी दिसू लागते आणि मधल्या स्त्रीकेसराच्या टोकावरील कुक्षी बोटांसारखी पसरून किंचित चिकट होते. हीच वेळ साधावी. चित्रकलेचा बारीक, पूर्ण कोरडा ब्रश एका फुलाच्या पुंकेसरांवरून हलक्या हाताने फिरवावा आणि त्यावर आलेले पराग दुसऱ्या रोपाच्या कुक्षीला लावावेत, मग उलट दिशेनेही तसेच करावे. फूल दोन-तीन दिवस उमलत असेल तर रोज हे काम करावे. जात बदलताना ब्रशही बदलावा, कारण एकाच कुळातील जवळच्या जातींचा संकर सहज होतो. मधमाश्याही तेच करतात, म्हणून शुद्ध बी हवे असल्यास कुंडीवर मच्छरदाणीचा तुकडा बांधावा. दोन रोपे एकाच दिवशी फुलली नाहीत तर पहिल्याचे परागकोश चिमट्याने काढून कागदाच्या पुडीत, सिलिका जेलसह बंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवावेत. दुसरे फूल येईपर्यंत काही दिवस ते उपयोगी पडतात. कोणाचे पराग कोणाला व कोणत्या तारखेला लावले, याची चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुंडीत खोचावी. शाईची अक्षरे दमट हवेत पसरतात.

फूल सुकल्यावर खालचा भाग फुगू लागला तर फळ धरले असे समजावे. जिम्नोकॅलिशियमचे फळ पिकल्यावर उभे चिरते आणि एका रात्रीत मुंग्या सारे बी घेऊन जातात, म्हणून ते मऊ पडू लागताच त्यावर पातळ कापडाची पुरचुंडी बांधावी. मॅमिलारियाचे फळ महिनोन्‌महिने अंगात दडून राहते आणि मग अचानक लाल मिरचीसारखे वर येते. तोपर्यंत धीर धरावा. बी गरातून काढून चहाच्या गाळणीत स्वच्छ धुवावे, कारण चिकटलेला गर बुरशीला आमंत्रण देतो, आणि सावलीत दोन दिवस वाळवून कागदी पुडीत ठेवावे. फ्रेलियाचे बी लवकर निकामी होते, ते साठवू नये.

पेरणीसाठी पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ मला सर्वांत अनुकूल वाटतो. वरच्याच मिश्रणाची बारीक चाळलेली माती ओलसर करून प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास वाफवावी, थंड झाल्यावर झाकणाच्या पारदर्शक डब्यात भरावी आणि बी वर नुसते पसरावे. त्यावर माती टाकू नये, कारण उजेडाशिवाय ते रुजत नाही. डबा तळाकडून पाणी पाजून बंद करावा आणि थेट ऊन न लागणाऱ्या उजेडात ठेवावा. ॲस्ट्रोफायटमचे मोठे, टोपीसारखे बी काही दिवसांतच रुजते. मॅमिलारियाला आठवडा-दोन आठवडे लागतात. हिरवे शेवाळ दिसू लागले किंवा रोपांवर काटे फुटू लागले की झाकण रोज थोडे अधिक उघडे ठेवत जावे. एकदम काढल्यास कोवळी रोपे सुकतात. मे महिन्यापर्यंत ती मटाराएवढी झाली तरी त्याच सुमारास उपटून वेगळी करू नयेत, कारण दुखावलेली मुळे घेऊन पावसाळ्यात शिरलेले रोप हमखास कुजते. पहिला पावसाळा सर्व रोपांना त्याच डब्यात, एकमेकांना चिकटून, छताखाली काढू द्यावा आणि दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की मग स्वतंत्र कुंड्यांत हलवावे.