वंदनेनंतरची काही मिनिटे: कृतज्ञता आणि करुणेचा रोजचा अभ्यास

सकाळी बुद्धवंदनेत त्रिसरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणे आणि सदाचाराचे पाच नियम) म्हणून झाले की आपण बहुधा लगेच उठून कामाला लागतो. तसे न करता पाच-दहा मिनिटे तिथेच बसावे, आणि कालपासून आतापर्यंत आपल्यासाठी कोणी काय केले ते नावानिशी आठवावे. ‘सर्वांचे उपकार आहेत’ असे मोघम म्हणून काहीच साधत नाही. पहाटे दुधाची पिशवी दाराला अडकवून गेलेला मुलगा, आपली पाळी सांभाळून घेणारा सहकारी, उशीर झाला तरी ताट झाकून ठेवणारी आई, असे एकेक माणूस डोळ्यांसमोर आणावे. उपकार करण्यात पुढाकार घेणारा आणि केलेले उपकार जाणून ते फेडणारा, अशी दोन माणसे जगात दुर्मिळ असल्याचे अंगुत्तर निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहात सांगितले आहे. तेव्हा नुसते जाणून थांबू नये. त्यांपैकी एकासाठी आज काय करायचे, तेही उठण्यापूर्वी ठरवावे. घरच्या माणसांना ‘आभारी आहे’ म्हणताना आपल्याकडे जीभ अडखळते. तिथे न बोलता त्यांच्या वाट्याचे एखादे काम उरकून टाकणे अधिक बरे.

काय करावे हे सुचत नसेल, तर दीघ निकाय या अशाच दुसऱ्या संग्रहातील सिगालोवाद सुत्त (सिगालाला केलेला उपदेश) वाचावे. राजगृहात सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगालाला बुद्धांनी आई-वडील, गुरू, पत्नी, मित्र, सेवक आणि श्रमण (संन्यासी) यांच्याविषयीची कर्तव्ये समजावली. त्यात सेवकांसाठी मालकाने करावयाच्या पाच गोष्टी आहेत: झेपेल तेवढेच काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, गोडधोड वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींना ही पाच मापे लावून पाहावीत. त्यांचा चहा वेगळ्या कपात ओतला जातो का? त्या तापाने दोन दिवस आल्या नाहीत, तर पगार कापला जातो का? पुरणपोळी ताजी असताना मिळते, की शिळी झाल्यावर? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि माझ्या मते तिची परीक्षा विहारापेक्षा स्वयंपाकघरात लवकर होते.

करुणेचा अभ्यास आजाऱ्यापाशी विशेष करून करावा. अतिसाराने मळात पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आपला शिष्य आनंद याच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली, आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे भिक्खूंना सांगितले. म्हणून रुग्णाला भेटायला गेल्यावर हळहळत बसू नये. रात्री सोबतीला कोण आहे, औषधे आणायची आहेत का, हे विचारावे आणि जमेल तेवढेच अंगावर घ्यावे. दुसऱ्याच्या दुःखाने स्वतःच खचून जाणे म्हणजे करुणा नव्हे. तो शोक आहे, आणि त्याचा आजाऱ्याला काही उपयोग नाही.

रात्री झोपण्यापूर्वी मैत्रीभावना, म्हणजे इतरांचे भले होवो असे मनोमन चिंतन, करावी. ‘विसुद्धिमग्ग’ या साधनेवरील बौद्ध ग्रंथातील क्रम सोपा आहे: आधी स्वतः, मग आदरणीय किंवा प्रिय व्यक्ती, मग ओळखीपुरती व्यक्ती आणि शेवटी वैरी. वैऱ्यापाशी राग उसळला, तर हट्टाने पुढे न रेटता पुन्हा आधीच्या व्यक्तीकडे यावे आणि मन निवल्यावरच परत वैऱ्याकडे वळावे. सुरुवातीला वैरी म्हणून सख्ख्या भावकीऐवजी बसमध्ये जागेवरून भांडलेला माणूस निवडावा.