ह्यूस्टनला राहायला येताय? या चुका टाळा

न्यू जर्सीहून, बे एरियातून किंवा थेट पुण्याहून ह्यूस्टनला आलेली मंडळी पहिल्या दोन महिन्यांत जवळपास सारखंच बोलतात. घरं केवढी मोठी, आणि एवढ्या पैशांत! राज्याचा इन्कम टॅक्स नाही. जानेवारीत हाफ शर्टवर फिरता येतं. पेअरलँडला मीनाक्षीचं देऊळ आहे, हिलक्रॉफ्टला हवं ते सामान मिळतं, दुकानातला अनोळखी माणूसही आपुलकीने चौकशी करतो. यातलं काहीही खोटं नाही. घोळ एवढाच, की याच उत्साहात घर, वीज, विमा, शाळा या सगळ्यांच्या कागदांवर सह्या होऊन जातात आणि शहराचा खरा उन्हाळा अजून बघायचाच असतो.

म्हणून सरसकट एक सल्ला: आल्या आल्या घर घेऊ नका. एक उन्हाळा आणि एक वादळांचा हंगाम, म्हणजे १ जून ते ३० नोव्हेंबर, भाड्याच्या घरात काढा. एजंट सांगेल, थांबलात तर किमती वाढतील. वाढू देत. चुकीच्या जागी घेतलेलं घर त्याहून महाग पडतं.

‘फ्लड झोनमध्ये नाही ना?’ एवढंच विचारून थांबणं

ही सगळ्यांत महागडी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो. ह्यूस्टन ताटासारखं सपाट आहे. जमीन चिकणमातीची, त्यामुळे पाणी पटकन मुरत नाही. ते वाहून नेतात ते बायू, म्हणजे संथ, वळणावळणाचे ओढे. बफेलो बायू, ब्रेझ बायू, व्हाइट ओक बायू ही नावं घर शोधताना कानावर पडतीलच. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळ आलं तेव्हा शहराच्या अनेक भागांत चार-पाच दिवसांत ४० इंचांच्या आसपास पाऊस पडला. पुण्यात अख्ख्या वर्षाची सरासरी तीस इंचांच्या आत असते. आणि त्या वेळी हॅरिस काउंटीत (ह्यूस्टनचा बहुतेक भाग यात येतो) पाणी शिरलेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरं नकाशावरच्या ‘शंभर वर्षांच्या पूररेषे’बाहेर, म्हणजे दर वर्षी पूर यायची शक्यता निदान एक टक्का धरलेल्या हद्दीबाहेर होती. त्यामुळे एजंट जेव्हा ‘इट्स नॉट इन द फ्लड झोन’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण तुम्हाला हवं ते उत्तरही देत नसतो.

पश्चिमेच्या केटी उपनगराकडे घर बघणाऱ्यांनी ॲडिक्स आणि बार्कर ही दोन नावं पाठ करावीत. १९४०च्या दशकात बांधलेले हे मातीचे बंधारे. एरवी त्यांच्या आतली जागा कोरडीच असते, तिथे बागा आहेत, सायकलचे रस्ते आहेत. बंधारा पूर्ण भरला तर पाणी जिथवर पसरेल ती सगळी जमीन सरकारने तेव्हा विकत घेतली नव्हती. उरलेल्या पट्ट्यात पुढे वसाहती उभ्या राहिल्या. हार्वीत बंधाऱ्यांच्या मागे पाणी तुंबून त्या घरांत शिरलं आणि बंधाऱ्यांतून पाणी सोडल्यावर खालच्या अंगाला बफेलो बायूकाठची घरं बुडाली. तेव्हा घर बंधाऱ्याच्या मागे आहे की पुढे, आणि पाणी पसरण्याच्या हद्दीत येतं का, हे वेगळं विचारायचं. पूररेषेचा नकाशा हे सांगत नाही.

कागदोपत्री काय मागाल? घर विकणाऱ्याने पूर्वी पाणी शिरलं होतं का हे लिहून द्यायचा नियम २०१९ पासून अधिक कडक झाला आहे. २०२२ पासून भाड्याच्या घरांनाही असाच नियम आहे: गेल्या पाच वर्षांत पुराने नुकसान झालं असेल तर मालकाने भाडेकरूला सांगायला हवं. पण पाच वर्षं म्हणजे हार्वी त्यातून निसटलंच. माझ्या मते सगळ्यांत खात्रीचं साधन म्हणजे शेजारी. संध्याकाळी त्या गल्लीत एक फेरी मारा, लॉनला पाणी घालणाऱ्या आजोबांना ‘हार्वीत इथे पाणी किती आलं होतं?’ विचारा. टेक्सन माणूस बोलका असतो. भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

विम्याचीही गफलत इथेच होते. नेहमीच्या घराच्या विम्यात पुराचं नुकसान धरलेलं नसतं. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते आणि सरकारी योजनेतली नवी पॉलिसी लागू व्हायला साधारण ३० दिवस लागतात. मेक्सिकोच्या आखातात वादळ दिसायला लागल्यावर फोन केलात तर त्याचा उपयोग पुढच्या वर्षी. या योजनेत घराच्या बांधकामाला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख डॉलर मिळतात. भाडेकरूलाही फक्त सामानापुरती ती घेता येते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि नेहमीच्या पॉलिसीत वारा आणि गारांसाठीचं डिडक्टिबल डॉलरमध्ये आहे की टक्क्यांत, ते सही करण्याआधी वाचा. चार लाखांच्या घराला दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार तुमच्या खिशातून.

गाडीबद्दल एकच सांगतो. जोरदार पावसात पुलाखालचे खोलगट रस्ते मिनिटांत भरतात. २६ जुलै बघितलेल्या मुंबईकराला ‘यातून निघू की’ असं वाटतं. निघू नका. गाडी फिरवा.

विजेचं बिल अचानक दुप्पट का आलं?

इथे वीज विकणारी कंपनी तुम्ही निवडता. तारा, खांब आणि मीटर मात्र बहुतेक भागात सेंटरपॉइंट या कंपनीचे. लाइट गेले की बिल पाठवणाऱ्या कंपनीला फोन करून अर्धा तास होल्डवर थांबण्यात अर्थ नाही, तक्रार सेंटरपॉइंटकडेच करायची. तो नंबर पहिल्याच दिवशी फोनमध्ये ठेवा.

बिल फुगण्याची कारणं बहुधा दोन. एक, करार संपला आणि तुमच्या लक्षात आलं नाही. मग कंपनी महिन्यागणिक बदलणाऱ्या चढ्या दरावर टाकते. करार संपायच्या आधीच्या १४ दिवसांत दुसरीकडे गेलात तर दंड लागत नाही, तेव्हा कॅलेंडरमध्ये नोंद करा आणि शक्यतो करार ऑगस्टमध्ये संपेल असा घेऊ नका. दुसरं कारण जास्त फसवं. सरकारच्या ‘पॉवर टू चूज’ साइटवर सगळ्यांत वर दिसणारे स्वस्त प्लॅन पुष्कळदा १,००० युनिटच्या सवलतीवर उभे असतात. समजा दर १७ सेंट आहे आणि १,००० युनिट झाले की १०० डॉलर सूट. बरोबर १,००० वापरलेत तर बिल ७० डॉलर. ९५० वापरलेत तर १६१. कमी वीज वापरल्याची शिक्षा! छोट्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी असे प्लॅन घेऊच नयेत. प्रत्येक प्लॅनबरोबर एक माहितीपत्रक असतं, त्यात ५००, १,००० आणि २,००० युनिटचे सरासरी दर दिलेले असतात. तिन्ही जवळपास सारखे असतील तो प्लॅन सरळ.

लाइट जाणं ही इथे थट्टेची गोष्ट नाही. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळानंतर सेंटरपॉइंटच्या २२ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींची आठवड्याहून जास्त, तीही भर उन्हाळ्यात. त्यानंतर जनरेटर घेणारे वाढले. घ्या, पण तो घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून लांब चालवा. गॅरेजचं दार उघडं ठेवून चालवला तरी विषारी वायू घरात येतो आणि त्याने दर वादळात माणसं दगावतात.

टॅक्स नाही, असं कोण म्हणालं?

इन्कम टॅक्स नाही, त्याची कसर प्रॉपर्टी टॅक्स भरून काढतो. नव्या वसाहतींत पाणी आणि ड्रेनेजच्या ‘मड’चा (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचा) कर धरून तो घराच्या किमतीच्या अडीच-तीन टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. नवं बांधलेलं घर घेणाऱ्यांची ठरलेली फसगत अशी: पहिल्या वर्षीचा कर १ जानेवारीच्या स्थितीवर लागतो, तेव्हा तिथे नुसती जमीन असते. बँक त्या आकड्यावर महिन्याचा हप्ता काढते. पुढच्या वर्षी अख्ख्या घराचा कर येतो, एस्क्रो खात्यात (कर आणि विम्यासाठी बँक ज्यात तुमचे पैसे साठवते) खड्डा पडतो आणि हप्ता एकदम काहीशे डॉलरनी वाढतो. बिल्डरचा माणूस हे स्वतःहून सांगेलच असं नाही. तुम्ही पूर्ण घराच्या किमतीवर कर काढून तोच हप्ता परवडतो का ते बघा.

घरात राहायला गेलात की होमस्टेड, म्हणजे स्वतः राहत्या घराच्या सवलतीचा अर्ज करा. शाळेच्या करातली ही सवलत २०२३ साली ४०,००० वरून १,००,००० डॉलरवर आणि २०२५ साली १,४०,००० डॉलरवर नेण्यात आली, आणि सवलत असली की करासाठीचं मूल्यांकन वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त चढवता येत नाही. अर्ज फुकट असतो. पोस्टाने ‘आम्ही भरून देतो, इतके डॉलर पाठवा’ अशी सरकारी वाटणारी पत्रं येतील, ती केराच्या टोपलीत. अर्जाला टेक्सासचं लायसन्स लागतं आणि त्यावर त्याच घराचा पत्ता हवा. मूल्यांकन जास्त वाटलं तर साधारण १५ मेपर्यंत हरकत घेता येते. आपली माणसं ‘सरकारशी कशाला वाद’ म्हणून गप्प बसतात. इथे हरकत घेणं हा दरवर्षीचा रिवाज आहे, बिनधास्त घ्या.

मैल मोजणं आणि शाळेचं रँकिंग

केटीहून डाउनटाउन तीसेक मैल. रविवारी दुपारी जाऊन बघितलं तर अर्धा तास. मंगळवारी सकाळी साडेसातला निघून बघा. केटी फ्रीवे बाजूचे फीडर रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेनचा आहे, आणि तरीही तुंबतो. ऑफिस मेडिकल सेंटरला असेल तर पेअरलँड बघा, एनर्जी कॉरिडॉरला (पश्चिमेचा तेल कंपन्यांचा पट्टा) असेल तर केटी ठीक. मित्र शुगर लँडला आहे म्हणून सगळ्यांनीच शुगर लँडला जायचं कारण नाही. डाउनटाउनला जाणाऱ्यांनी मेट्रो या इथल्या बस चालवणाऱ्या संस्थेची पार्क अँड राइड (गाडी तळावर ठेवून पुढे जायची) बस एकदा वापरून बघावी. टोलचा टॅग पहिल्या आठवड्यात घ्या, नाहीतर पोस्टाने येणाऱ्या बिलांत दंडच जास्त असतो.

शाळेचं तर काय सांगावं. दहापैकी दहाचं रँकिंग बघून घर घेतात आणि दोन वर्षांत नवी शाळा उघडून हद्द बदलते. केटी आणि फोर्ट बेंडच्या बाहेरच्या टोकाला हे चालूच असतं. शिवाय वर्ग भरला की शाळा ‘कॅप’ होते आणि नव्याने आलेल्या मुलाला दुसरीकडे पाठवतात. घराच्या पत्त्यावरून नेमकी शाळा कोणती आणि तिथे जागा आहे का, हे स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात फोन करून विचारा. शहराच्या ह्यूस्टन आयएसडी या स्कूल डिस्ट्रिक्टबद्दल वाचत असाल तर लिखाण जून २०२३ नंतरचं आहे ना ते तपासा. तेव्हा राज्याने तो डिस्ट्रिक्ट ताब्यात घेतला आणि बरंच काही बदललं.

आई-बाबांना मे महिन्यात बोलावणं

मुलांना सुट्टी, तिकडे भारतात उकाडा, म्हणून मेमध्ये तिकीट काढलं जातं. मग जूनपासून ते दोघं एसीच्या डब्यात बंद. सकाळी सातलाही दमट हवेने चष्म्यावर वाफ धरते. कुठे चालत जावं असं दुकान नाही, उपनगरात बस नाही, गाडी चालवता येत नाही. ‘सोन्याचा पिंजरा’ हे वाक्य प्रत्येक घरात एकदा तरी ऐकू येतं. त्यांना नोव्हेंबर ते मार्च बोलवा. हवा छान असते, तळ्याभोवती फेऱ्या मारता येतात, देवळात कोणीतरी पुण्याचं, कोणीतरी सांगलीचं भेटतंच. पुढे ओकचा पिवळा पराग गाड्यांवर साचू लागला की दमा असलेल्यांना त्रास होतो, तेही लक्षात ठेवा. आणि लॉनवर अनवाणी चालणं निरोगी असतं हे त्यांचं म्हणणं इथे लागू नाही. मातीच्या छोट्या ढिगाऱ्यावर पाय पडला तर लाल मुंग्या पोटरीपर्यंत चढून मग एकदम चावतात.

घरातले किरकोळ वाटणारे बिघाड

ऐन जुलैमध्ये एसी बंद पडला तर मेकॅनिकला बोलावण्याआधी ड्रेनची नळी बघा. त्यात शेवाळ साचून पाणी तुंबतं आणि सेफ्टी स्विच यंत्र बंद करतो. महिन्यातून एकदा नळीत कपभर व्हिनेगर ओतलं की बहुतेक वेळा भागतं. दारं घासायला लागली, भिंतीला तिरकी चीर गेली, तर पायाकडे लक्ष द्या. इथली चिकणमाती आपल्या काळ्या जमिनीप्रमाणेच पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून कोरड्या दिवसांत पायाच्या कडेने पाणी सोडतात. नवख्यांना ही गंमत वाटते. पाया दुरुस्तीचा आकडा ऐकला की वाटत नाही.

थंडीला हसू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये वीज गेली, पाइप गोठले आणि हजारो घरांत छतातून पाणी कोसळलं. घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो हाताने फिरतो का, हे नोव्हेंबरातच बघून ठेवा. गोठण्याचा इशारा आला की बाहेरचे नळ गुंडाळायचे, आतले थेंब थेंब चालू ठेवायचे.

आणखी थोडं

शाकाहारी असाल तर ‘बीन्स’, ‘ग्रीन्स’ या शब्दांवर जाऊ नका, त्यात बहुधा डुकराचं मांस किंवा चरबी असते. विचारलंत तर प्रेमाने सांगतात. शेजाऱ्याने चर्चला बोलावलं तर तो धर्मांतर करायला निघालाय असं समजू नका, नको असेल तर आभार मानून नाही म्हणा.

हॉर्न मात्र आवरा. २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, आणि समोरच्या गाडीत काय आहे हे तुम्हाला दिसत नाही.

कागदपत्रांच्या मुदती अशा: दुसऱ्या राज्यातून आलात तर गाडीची नोंदणी ३० दिवसांत, लायसन्स ९० दिवसांत. २०२५ पासून खासगी गाड्यांची सेफ्टी तपासणी बंद झाली आहे, पण हॅरिस आणि फोर्ट बेंडसह आसपासच्या काउंट्यांत धुराची तपासणी अजून लागते. लायसन्सच्या ऑफिसात जायचं तर आधी ऑनलाइन वेळ घ्या. ती बरेचदा कित्येक आठवडे पुढची मिळते, म्हणून खोकी उघडायच्या आधी हे काम करा.