निरोप समारंभाचं हसरं भाषण तुमच्या गळ्यात पडलं असेल तर

स्नेहसंमेलनाचे पडदे उतरले की दहावीच्या वर्गात चर्चा सुरू होते: निरोपाला कोण बोलणार? रडवणारं भाषण करायला पहिल्या बाकावरचं कुणीतरी तयारच असतं. हसवणारं मात्र कुणालाच नको असतं. मग "तू मस्त बोलतेस गं" असं म्हणत ते ऑफ तासाला बडबड करणाऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारतात. आमच्या वर्गात ती मी होते. आता कॉलेजात आहे, चार लोकांसमोर बरी बोलते, पण माईकची शिट्टी ऐकली की अजूनही पोटात गोळा येतो.

आधी तारखांचं बोलू, कारण सगळे इथेच गाफील राहतात. माझी दहावी २०२३ ची. तेव्हा बोर्डाचा पहिला पेपर २ मार्चला होता. २०२५ ला दहावीचे पेपर २१ फेब्रुवारीला सुरू झाले आणि बारावीचे ११ फेब्रुवारीला. म्हणजे निरोप समारंभ सराव परीक्षा आणि तोंडी-प्रॅक्टिकलच्या मधल्या फटीत कुठेतरी कोंबला जातो. नववीवाले हॉलमध्ये फुगे लावायला लागले की लिहू, असं म्हणाल तर मेलात. डिसेंबरातच वही काढा. भाषण चार-पाच मिनिटांचं असतं, म्हणजे वहीची दोन पानं, त्याहून जास्त नाही. एवढं होतं. घाबरू नका.

कशाच्या रूपात लिहायचं यावर लोक उगाच डोकं फोडतात. तुमच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखन आहे ना? पत्र, बातमी, जाहिरात. वर्षभर घोकलेत ते साचे, हॉलमधल्या प्रत्येकाला पाठ आहेत. "विषय: नववी ब ने नेलेले आमचे दोन बाक परत मिळणेबाबत" एवढं गंभीर आवाजात वाचलंत तरी काम होतं. नाहीतर हरवले-सापडले स्तंभात डस्टरची जाहिरात द्या. प्रतिज्ञा, प्रार्थना आणि आरती यांच्या विडंबनाच्या वाटेला जाऊ नका. कुणीतरी जातंच दरवर्षी, आणि दुसऱ्या ओळीला मुख्याध्यापकांचा चेहरा बघून तिथेच थांबतं.

आता मुद्द्याचं. हे नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आम्ही पाच मैत्रिणींनी आमचं बातमीपत्र एकीच्या गच्चीवर बसून लिहिलं. पोट दुखेपर्यंत हसलो. एका वाक्याला तर लोळायचं बाकी होतं. वाक्य असं: "जिन्याखालच्या बँकेत ज्यांच्या ठेवी बुडाल्या, त्यांनी मावशींशी संपर्क साधावा." तुम्हाला हसू आलं? नाही ना? हॉललाही नाही आलं.

त्यामागची गोष्ट अशी. शाळेमागच्या झाडाचे आवळे आम्ही मधल्या सुट्टीत पाडायचो आणि जिन्याखाली जुन्या फळ्यामागे पिशवीत लपवायचो. त्याला आम्ही बँक म्हणायचो. एके दिवशी मावशींनी झाडलोट केली आणि पिशवी गायब. आम्हा पाच जणींना हे सगळं ठाऊक होतं, म्हणून "ठेवी" म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर आवळे यायचे. हॉलमधल्या बाकी सगळ्यांनी काय ऐकलं? बँक, बुडालेले पैसे, आणि मावशी. मी वाक्य वाचलं, हसण्यासाठी थांबले, आणि मागून फक्त आमच्या चौघींचं खिदळणं आलं. त्यानंतरची शांतता मला अजून ऐकू येते. कार्यक्रम संपल्यावर मोठ्या बाईंनी बोलावून विचारलं, "शाळेत भिशी चालवता का तुम्ही?" आणि दाराशी मावशी उभ्या, तोंड एवढंसं झालेलं. त्यांना वाटलं, भर सभेत आपल्यावर चोरीचा आळ घेतला.

सगळं उलगडून सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "आवळं व्हय! मला वाटलं कुणीतरी टाकून दिल्यात. लोणचं घातलं की मी." दुसऱ्या दिवशी वाटीभर घेऊनही आल्या. पण प्रत्येक वेळी शेवट असा लोणच्यावर होत नाही.

हा सापळा वाईट यासाठी की आत असताना तो दिसतच नाही. तुम्ही पाच जण जितके जास्त हसाल तितकी जास्त खात्री वाटते की वाक्य भारी आहे. खरं तर ते हसू वाक्याचं नसतंच, त्यामागच्या आठवणीचं असतं, आणि ती आठवण हॉलमध्ये कुणाकडेच नसते. वर रिकाम्या जागा ऐकणारा आपल्या मनाने भरतो. अमक्याचं नाव आलं आणि विनोद कळला नाही, तर लोक "कळलं नाही" म्हणून सोडून देत नाहीत. "त्याने काहीतरी केलं असणार" असं धरून चालतात. म्हणून न कळलेला विनोद नुसता पडत नाही, पडताना कुणाला तरी घेऊन पडतो. आणि ही पारख तुमच्याच टोळक्यात करून उपयोग नाही, तिथे सगळंच पास होतं. दुसऱ्या तुकडीतल्या एखाद्याला बाजूला घ्या, वाक्य एकदाच वाचा, काही समजावून सांगू नका. त्याने "म्हणजे?" विचारलं की वाक्य खोडा. "अरे ते असं झालेलं ना..." अशी सुरुवात करावी लागली तरी खोडा. जीव तुटतो, माहीत आहे. खोडा.

गंमत म्हणजे ही कसोटी आपल्याला पाचवीपासून कुणीतरी रोज सांगत असतं. मागच्या बाकावर हसू फुटलं की बाई काय म्हणतात? "काय विनोद झाला, आम्हालाही सांगा, आम्हीही हसू." तेच.

मग लिहायचं काय? जे सगळ्या हॉलला आधीच माहीत आहे ते. तुमचं काम फक्त आठवण करून द्यायचं. आमच्याच समारंभात अ तुकडीच्या एका मुलीने गणिताच्या सरांचं वाक्य अर्धंच म्हटलं, "माझं काही नुकसान नाही..." आणि थांबली. अख्ख्या हॉलने पुढचं पूर्ण केलं, "...मला पगार मिळतोच!" सर स्वतः इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागले. तिने काही रचलंच नव्हतं. सगळ्यात जास्त टाळ्या तिला.

अशी वाक्यं गोळा करायला कष्ट नाहीत, फक्त वेगवेगळ्या माणसांना विचारावं लागतं. पहिला बाक, शेवटचा बाक, एसटीच्या पासवर येणारे आणि शेवटचा तास अर्धा टाकून पळणारे, खोखोच्या टीममुळे निम्मा वेळ मैदानावर असणारे. "आवाज पार रस्त्यापर्यंत जातोय." "मासळी बाजार आहे का हा?" "मागची बॅच बरी होती." एकमेकांशी फारसं न बोलणाऱ्या तिघांनी न विचारता एकच वाक्य सांगितलं, तर ते वहीत घ्या.

आयत्या मालाबद्दल माझं मत कडक आहे. मोबाईलवर 'शंभर धमाल फिशपाँड' म्हणून जे फिरतं ते तुमच्या आधीच्या बॅचनेही वाचलेलं असतं. मशीनकडून लिहून घेतलेलं तर दोन ओळींत ओळखू येतं, कारण त्यात तुमच्या शाळेची घंटाच नसते. आणि सीनियरनी प्रेमाने दिलेली जुनी वही? ती सगळ्यात घातक. विद्यार्थी दरवर्षी बदलतात, शिक्षक तेच असतात. तुमच्यासाठी नवा असलेला तो विनोद त्यांनी इतक्यांदा ऐकलाय की हसणं सोडा, पुढचा शब्द ते ओठांनी म्हणत असतात.

शेलापागोट्यांचं, म्हणजे कुणाची तरी चेष्टा करणाऱ्या निनावी फिशपाँड-चिठ्ठ्यांचं, वेगळं सांगते. चिठ्ठ्यांचा खोका ठेवणार असाल तर एकही चिठ्ठी आधी न वाचता माईकवर वाचायची नाही. नाव लिहिणाऱ्याचं नसतं, आवाज मात्र तुमचा असतो. रंग, वजन, उंची, मार्क, आडनाव, वडिलांचा धंदा: सरळ कचऱ्यात. मुलामुलींच्या जोड्या लावणाऱ्या चिठ्ठ्या सगळ्यात जास्त येतात आणि "एवढं काय त्यात" असंही लोक म्हणतात. त्यात एवढंच की कुणीतरी क्लिप काढतं, संध्याकाळी ती स्टेटसला जाते, रात्री कुणाच्या तरी काकांपर्यंत पोचते. तालुक्याच्या गावात एखाद्या मुलीचं पुढचं कॉलेज कोणतं, किंवा आहे की नाही, हे तेवढ्यावरून ठरू शकतं. "कुणी वाईट वाटून घेऊ नका हं" असं आधी म्हणून घेतल्याने काही सुटत नाही. उलट ते म्हणावंसं वाटलं, म्हणजे तुम्हाला आतून माहीत आहे.

शिक्षकांमध्येही भेद करा. वीस वर्षं शाळेत असलेल्या सरांच्या नकलेने त्यांची कॉलर ताठ होते. पण कुणी शिक्षण सेवक म्हणून नुकतं लागलेलं असेल, तर त्यांची तीन वर्षं मानधनावर जायची असतात, समोर संस्थेचे लोक बसलेले असतात. "यांच्या तासाला वर्गात जत्रा भरते" हे तुमच्यासाठी प्रेम आहे, त्यांच्यासाठी नोकरीचा प्रश्न. त्यांना सोडून द्या. आणि कामावरच्या मामा-मावशींबद्दल बोलायचं असेल तर विनोदात जीत त्यांचीच व्हायला हवी. तास संपायच्या दोन मिनिटं आधी घंटा देणाऱ्या मामांचे आभार माना, मुख्याध्यापकांकडे न बघता.

लिहिलेलं कुणाला दाखवायचं? सांस्कृतिक विभागाच्या बाईंना दाखवावंच लागतं. पण आदल्या संध्याकाळी नको, आठ दिवस आधी. त्या लाल पेन घेऊन बसणार आणि निम्मं जाणार, हे धरूनच दुप्पट लिहा. माझा खरा सल्ला मात्र ग्रंथपालांकडे जायचा. त्यांनी सगळे समारंभ कोपऱ्यात उभं राहून बघितलेले असतात आणि त्यांना तुमचे गुण द्यायचे नसतात, त्यामुळे त्या खरं सांगतात. आमच्या ग्रंथपाल बाईंनी वही चाळून विचारलं होतं, "ही बँक कुठली?" मी म्हटलं, "बाई, ते वाचताना कळेल." असो.

प्रत्यक्ष बोलताना दोन-तीन गोष्टी. स्वतः आधी हसू नका. हॉल हसायला लागला की गप्प उभं राहा, ते ओसरू द्या, मग पुढचं वाक्य. नाहीतर तुमचं सगळ्यात चांगलं वाक्य हशात बुडतं. आणि नाश्त्याच्या आधीचा नंबर मागून घ्या. आमच्या सांगलीकडे अशा कार्यक्रमाला भडंगाचे पुडे वाटतात. दोनशे जण एकाच वेळी प्लॅस्टिक फोडून कुरुमकुरुम खात असतील, तर तिथे भलेभले हरतील.

शेवट हळवा करायचा अट्टहास नको. 'निरोप समारंभ' हा निबंध गाइडातून सगळ्यांनी पाठ केलाय, "डोळ्यांच्या कडा पाणावल्या" हे वाक्य उच्चारलंत की लोक मनात गुण द्यायला लागतात. रडू यायचं तर आपोआप येतं. माझ्या ताईची दहावी २०२१ ची, त्या वर्षी बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, शाळा बंद, निरोप कसला आलाय. ती आमच्या समारंभाचा व्हिडिओ बघताना माझ्या पडलेल्या विनोदावरही हसत होती आणि मधेच उठून आत गेली.

तेव्हा पडलात तरी पडा, पण बोला. भाषण फसलं म्हणून कुणी वर्गमित्र तुम्हाला टाकत नाही. मला अजूनही ग्रुपवर "बँक मॅनेजर" म्हणतात, आणि आता तो विनोद सगळ्यांना कळतो.

एक राहिलंच. ज्या सर-बाईंवर बोलणार आहात, त्यांची प्रयोगवहीवरची सही समारंभाच्या आधी घेऊन ठेवा.