पूरग्रस्त गावाच्या उभारणीत कंपनीने सीएसआर निधी कसा लावावा

महापुराचे पाणी उतरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे कोल्हापूर-सांगलीकडील शिरोळ, करवीर किंवा पलूस तालुक्यातील गावांत मदतीचे टेम्पो एकामागून एक येत राहतात. चादरी, बिस्किटांचे पुडे आणि जुने कपडे गरजेपेक्षा अधिक साचतात. दिवाळीच्या सुमारास, जमिनीला वापसा येऊन पायाचे खोदकाम सुरू करता येते तेव्हा, मदतीचा ओघ आटलेला असतो. कंपनीचा पैसा खरा उपयोगी पडतो तो याच टप्प्यावर. कृष्णा-पंचगंगा खोऱ्यातील २०१९ आणि २०२१ चे महापूर समोर ठेवून, हा पैसा कुठे व कोणत्या क्रमाने लावावा याचे विवेचन पुढे केले आहे.

पहिले काम कंपनीच्या कार्यालयातच करायचे आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक निकषांत बसणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर (सीएसआर) खर्च करावी लागते, आणि या खर्चात बसणाऱ्या कामांची यादी असलेल्या सातव्या परिशिष्टात आपत्तीनंतरचे पुनर्वसन व पुनर्बांधणी स्पष्टपणे समाविष्ट आहे. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली देणगी मात्र या खर्चात धरली जात नाही, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो, आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते आणि दिवाळीनंतर उरलेल्या चार-पाच महिन्यांत रक्कम संपवण्याच्या घाईतून निकृष्ट घरे उभी राहतात. ही घाई टाळण्यासाठी संचालक मंडळाने सुरुवातीलाच हे काम ‘चालू प्रकल्प’, म्हणजे एकाहून अधिक वर्षे चालणारा प्रकल्प, म्हणून मंजूर करावे. त्यामुळे सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षे मिळतात, आणि न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात वर्ग करून पुढे वापरता येते. काम संस्थेमार्फत करायचे असल्यास तिची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरची कामे घेण्यासाठी संस्थेला सरकारकडे करावी लागणारी नोंदणी) आधी तपासावी. उभी राहणारी मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती लाभार्थ्यांच्या गटाकडे, नोंदणीकृत संस्थेकडे किंवा ग्रामपंचायतीसारख्या सार्वजनिक यंत्रणेकडे द्यावी लागते. म्हणून निवारा शेड किंवा पाणीपुरवठ्याची टाकी पुढे कोण सांभाळणार, हे पहिल्याच करारात लिहून घ्यावे.

त्यानंतर गावात जाऊन पाण्याची रेघ मोजावी. पूर ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची तपकिरी खूण राहते आणि रंगरंगोटी झाली की ती नाहीशी होते. त्यामुळे शाळा, चावडी, देऊळ आणि प्रत्येक गल्लीतील दोन-तीन घरे अशा ठिकाणी ती खूण लेव्हल यंत्राने मोजून गावठाणाच्या नकाशावर उतरवावी आणि २०१९ व २०२१ ची पातळी वेगवेगळी नोंदवावी, कारण सगळीकडे एकच पूर मोठा नव्हता; सांगलीत २०१९ चे पाणी अधिक चढले होते. या नकाशाला जलसंपदा विभागाच्या पूररेषा जोडून पाहाव्यात. निळी रेषा साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि तिच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आहे; लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असून दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम करता येते. निळ्या रेषेच्या आत कंपनीने एकही नवे घर बांधू नये, मग ग्रामस्थांचा किंवा पुढाऱ्यांचा आग्रह कितीही असो.

मग गावच उंचावर हलवावे का? येथे सोनतळीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. १९८९ च्या महापुरानंतर करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांतील कुटुंबांना सोनतळी येथे भूखंड देण्यात आले, तरीही अनेक कुटुंबे आजवर जुन्या गावातच राहतात आणि पाणी चढू लागले की सोनतळीला जातात. याला अडाणीपणा समजण्याची चूक शहरी अधिकारी हमखास करतात. ज्याची म्हैस, वैरण, मोटार आणि ऊस नदीकाठी आहे, त्याला केवळ मोकळा भूखंड पुरत नाही. नव्या जागी गोठ्यासाठी जागा, जनावरांना पुरेल इतके पाणी, शेतापर्यंत पावसाळ्यातही चालणारा पाणंद रस्ता आणि भूखंडाचे निर्वेध कागद या गोष्टी नसतील, तर तेथे बांधलेली वसाहत ओस पडते. माझ्या मते, पूर्ण स्थलांतराचा पुरस्कार करण्यापेक्षा ‘पावसाळ्यात वर, एरवी खाली’ ही लोकांनी स्वतःच पत्करलेली रीत सुरक्षित करण्यावर निधी लावणे अनेक गावांत अधिक शहाणपणाचे ठरेल.

घरांच्या बाबतीत सरकारी अनुदानाशी स्पर्धा न करता त्यातील उणीव भरून काढावी. प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण भागातील मूळ अनुदान सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये राहिले आहे आणि किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. एवढ्यात घर कसेबसे उभे राहते, पण पुराला तोंड देणारे घर होत नाही. कंपनीने प्रत्येक घरामागे वाढीव रक्कम द्यावी आणि ती जोते, पाया व छत यांच्याशीच बांधून ठेवावी. या खोऱ्यातील काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा, जोत्याच्या पातळीवर सलग आरसीसी पट्टा घालावा आणि जोत्यात काळ्या मातीऐवजी मुरूम भरून तो थराथराने दाबावा. जुनी पांढऱ्या मातीची घरे पाणी असताना तग धरतात आणि भिजलेल्या भिंती वाळू लागल्यावर ढासळतात. त्यामुळे पंचनाम्यात ‘अंशतः पडझड’ असा शेरा असलेल्या घरांची अभियंत्याकडून पुन्हा पाहणी करून घ्यावी. जेथे पाणी दोन-तीन फूट चढते तेथे जोते उंच करणे पुरेसे आहे. जेथे ते आठ-दहा फूट चढते तेथे मात्र उंच जोत्याचा हट्ट सोडून सपाट स्लॅब, बाहेरून जाणारा पक्का जिना, धान्य ठेवण्यासाठी भक्कम माळा आणि पूरखुणेच्या वर बसवलेला विजेचा मीटर यांवर खर्च करावा.

सगळी घरे एकाच ठेकेदाराकडून, एकाच आराखड्याने बांधून घेणे कंपनीला सोयीचे असते, गावाला नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, तर हजाराहून अधिक गावांत घरमालकांनी टप्प्याटप्प्याने मिळालेल्या अनुदानातून स्वतःच दुरुस्ती करून घेतली आणि गावातील स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून त्यावर देखरेख ठेवली. तीच पद्धत येथे वापरावी. रक्कम जोते, लिंटेल (दार-खिडक्यांवरील तुळई) आणि स्लॅब अशा तीन टप्प्यांत थेट खात्यात द्यावी, प्रत्येक टप्प्याची पाहणी बचत गटातील प्रशिक्षित महिलांनी करावी आणि घराच्या नोंदीत पत्नीचे नाव लावणे ही अट ठेवावी. लाभार्थी यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी; भाड्याने राहणारे, दुसऱ्याच्या जागेत राहणारे शेतमजूर आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांची नावे बहुधा याच वाचनात पुढे येतात.

जनावरांकडे कंपन्यांचे जवळजवळ लक्षच नसते. गोठ्यातील म्हैस सोडून घरमालक निघत नाही आणि त्याच्यामुळे कुटुंब अडकते, म्हणून उंचावरील सामायिक गोठा, तेथे पाण्याची टाकी आणि आठवडाभराचा चारा साठवण्याची सोय ही माणसांचीच सुरक्षा आहे.

पूरसूचनेवर होणारा खर्च तुलनेने किरकोळ असतो. कोल्हापुरात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका पातळी मानली जाते; पण ४३ फुटांचा आपल्या गल्लीशी संबंध काय, हे लोकांना कळायला हवे. आधी तयार केलेल्या नकाशावरून, बंधाऱ्यावर किती फूट झाले की गावातील कोणता रस्ता बंद होतो आणि पाणी कोणत्या गल्लीत शिरते, याचा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यावा. बोट देताना ऑगस्ट २०१९ मधील सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळची दुर्घटना विसरू नये. तेथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचा जीव गेला होता. बोटीबरोबर लाइफ जॅकेट, प्रशिक्षित चालक, क्षमतेचा ठळक फलक आणि दर मे महिन्यात इंजिनाच्या तपासणीची तरतूद नसेल, तर बोट देऊच नये.

ठेकेदार आणि संस्था या दोघांच्याही देयकातील काही हिस्सा, दहा टक्के म्हणा, पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावा. ऑक्टोबरमध्ये अभियंता, सरपंच आणि महिला पाहणी गट यांनी एकत्र फिरून गळती, खचलेला भराव आणि तुंबलेली गटारे यांची यादी करावी, ती कामे पुरी करून घ्यावीत आणि त्यानंतरच उरलेली रक्कम मोकळी करावी.