स्वस्त टायर घेताना आधी तारीख बघा, मग भाव

"ताई, सगळ्यात स्वस्त कोणता?" परभणीत गंगाखेड रोडला आमचं टायर आणि अलायमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन सरळ लावून देण्याचं दुकान आहे. मशीनवर माझा दीर असतो आणि काउंटरवर मी. हा प्रश्न मला रोज येतो आणि तो रास्त आहे. वॅगनआर, डिझायर, अल्टो अशी घरची गाडी असणाऱ्याला चार टायर एकदम म्हणजे मोठाच खर्च. पण उत्तर देण्याआधी मी कागदावर एक हिशेब मांडते. समजा एक टायर ३,४०० रुपयांचा, तो ३०,००० किलोमीटर चालला. दुसरा ४,२०० चा, तो ५०,००० चालला. पहिला किलोमीटरला ११ पैशांच्या वर पडला, दुसरा साडेआठ पैशांच्या आत. स्वस्त कोणता, ते मग गिऱ्हाईकच सांगतं.

आधी टायर खरंच बदलायला आलेत का ते बघा. नक्षीच्या खाचांत तळाशी रबराचे बारीक आडवे उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की खाच १.६ मिलिमीटर उरली, आणि कारसाठी कायद्याची मर्यादा तीच आहे. माझं मत विचाराल तर ३ मिलिमीटर उरले असतील आणि मृग तोंडावर असेल, तर थांबू नका. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. बघताना स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि पुढच्या चाकाची आतली कड हाताने चाचपा. बाहेरून ठणठणीत दिसणारा टायर आतल्या कडेला रबराखालच्या तारेपर्यंत घासलेला असतो, असं आमच्याकडे नेहमी निघतं. तसं असेल तर दोष टायरचा नाही, अलायमेंटचा आहे. ते न करता नवा टाकला तर तोही तसाच जाईल.

आता साइज. डिझायरच्या साध्या मॉडेलच्या टायरवर १६५/८० आर १४ ८५टी असं असतं. १६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे साइडची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, हा बनावटीचा प्रकार, १४ म्हणजे रिम किती इंची. पुढचा ८५ हा वजनाचा आकडा आहे, एक टायर ५१५ किलो पेलतो. टी म्हणजे ताशी १९० पर्यंतचा वेग. समृद्धीवर कारला मर्यादा १२० ची आहे, त्यामुळे आपल्याला टी भरपूर झाला, त्याहून जास्त वेगाच्या अक्षरासाठी जादा पैसे मोजू नका. वजनाचा आकडा मात्र कधीच खाली आणू नका. घरची पाच माणसं, डिकीत गॅसची टाकी आणि गावाकडून येताना ज्वारीचं पोतं, हे सगळं त्या चार टायरांवरच असतं.

"या साइजचा माल नाही, १७५/७० बसेल की," असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. बसतो तो नक्की. पण त्या टायरचा एकूण व्यास जवळपास १९ मिलिमीटरने कमी आहे. म्हणजे गाडी जमिनीकडे साधारण एक सेंटिमीटर खाली येते आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. आपल्याकडच्या गतिरोधकांवर तो एक सेंटिमीटर फार महाग पडतो. दोन दिवस थांबा, माल येतो.

तारखेबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण खरी फसगत इथेच होते. टायरच्या साइडला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून दुकानात टायर फिरवून बघायला लावा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम. वर्षाच्या आतबाहेरचा, सावलीत नीट ठेवलेला असेल तर तोही चालेल, पण भाव पाडूनच घ्या. दोन वर्षं पडून राहिलेला "ऑफर"मधला टायर मी माझ्या माहेरच्या गाडीला टाकणार नाही. रबर न चालताही म्हातारं होतं आणि आपल्याकडच्या उन्हात लवकर होतं. मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ ला जातो, पत्र्याच्या गोदामात किती होत असेल याचा विचार करा. चारही टायरांची तारीख बघा. तीन ताजे आणि एक जुना, असाही माल गळ्यात मारतात.

कंपनी कोणती? एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, गुडइयर, योकोहामा, यांतलं कुठलंही घ्या. गुडइयरचा कारखाना आपल्या वाळूजला आहे म्हणून काहीजण तोच मागतात. चांगली गोष्ट आहे, पण तारीख त्यावरचीही बघायची. नावापेक्षा नक्षीचा प्रकार महत्त्वाचा. जवळपास प्रत्येक कंपनी जास्त चालणारा कडक रबराचा टायर काढते, सिएटचा मायलेझ, अपोलोचा अमेझर, जेकेचा टॅक्सीमॅक्स. टॅक्सीवाले हेच मागतात. थोडा आवाज जास्त, थोडे धक्के जास्त, पण घरगुती वापराला माझी पसंती यालाच. आयएसआय मार्क नसलेला टायर मात्र फुकट दिला तरी घेऊ नका. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय. कुणी जुन्या यादीवरून भाव सांगत असेल तर नवी यादी मागा.

सेकंडहँड टायरवाले तुम्हाला अर्ध्या किमतीत "एकदम कोरा" दाखवतील. त्यातले काही घासलेल्या टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा कोरून, काळं पॉलिश मारून ठेवलेले असतात. ओळखायचं कसं? खाचेत नख घाला. कंपनीची खाच आतून गुळगुळीत आणि सगळीकडे सारखी असते. कोरलेल्या खाचेच्या कडा खरखरीत लागतात, खोली कमीजास्त असते, आणि ते तळातले आडवे उंचवटे कापले गेलेले दिसतात. अशा टायरमध्ये तारेवर रबराचा पापुद्राच उरलेला असतो. घरात लेकरं त्या गाडीत बसणार असतील तर हे पैसे वाचवू नका, हात जोडून सांगते.

बजेट दोनच टायरांचं असेल तर दोन घ्या, त्यात काही वाईट नाही. एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या आणि नवी जोडी मागे टाका. इथे प्रत्येकजण माझ्याशी वाद घालतो. परवा पाथरीचे एक गुरुजी म्हणाले, "अहो ताई, इंजिन पुढं, ब्रेकचा जोर पुढं, मग नवे टायर मागं कशाला?" मी म्हटलं, "सर, पावसात पुढची चाकं सरकली तर स्टिअरिंग हलकं लागतं, तुम्हाला कळतं, तुम्ही पाय उचलता. मागची सरकली तर गाडी गर्रकन फिरते, तेव्हा काही करायला वेळच नसतो." त्यांना पटलं. जुने पण बरे टायर पुढे घ्यायचे, ते संपले की पुन्हा जोडी मागेच.

शेताच्या रस्त्याने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ट्यूबलेस टायरमध्ये बाभळीचा काटा घुसला तर तिथेच उपटू नका. काटाच भोक बुजवून धरतो, हवा हळूहळू जाते, तेवढ्यात गाव गाठता येतं. नक्षीच्या भागातलं पंक्चर निघतं. साइडला भोक, चीर किंवा फुगा असेल तर तो टायर गेला, कुणी चिकटवून देतो म्हणालं तरी.

टायर बसवताना हवा भरायचे व्हॉल्व्ह नवे टाका, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) आणि अलायमेंट त्याच दिवशी करा. भावात घासाघीस करून ३०० रुपये सोडवले असतील तर ते इथे लावा, टायर हजारो किलोमीटर जास्त चालेल. दर ८-१० हजारांना पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्या, चारही सारखेच घासलेले असतील तर.

आणि उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, ही समजूत कृपा करून सोडा. हवा कमी असली की टायरची साइड प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, दबून दबून तापते, आणि जालन्याहून समृद्धीला लागून दोन तास सिमेंटवर पळाल्यावर तोच टायर फुटतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर हवेचा आकडा दिलेला असतो. सकाळी गाडी थंड असताना तेवढीच भरा. गाडी पळाल्यावर आकडा वाढलेला दिसेल, तो वाढणारच, हवा काढू नका. नायट्रोजनला पैसे देणं मला पटत नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, पंधरा दिवसांनी तपासत गेलात तर ती पुरते.

निघताना पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक टायरचा नंबर लिहायला लावा. वॉरंटी बनावटीतल्या दोषाची असते, खड्ड्यात आपटून आलेला फुगा सहसा त्यात बसत नाही. क्लेम मंजूर झाला तरी जेवढी नक्षी उरली त्या मानानेच पैसे मिळतात. काढलेल्या चारांतला सगळ्यात बरा टायर स्टेपनीला टाकून घ्या, पण त्याची तारीख सहा वर्षांच्या आतली असेल तरच. बाकीचे आमच्यासारख्या दुकानातच ठेवायचे तर त्यांचे पैसे बिलातून वजा करायला सांगा.