कंपालाभोवतीचं डुक्करपालन: या चुका टाळा

युगांडाच्या राजधानीत, कंपालात, संध्याकाळ झाली की पोर्क जॉइंटसमोर, म्हणजे डुकराचं मांस विकणाऱ्या छोट्या खाणावळींसमोर, कोळसा पेटतो. भाजलेलं मांस, सोबत कसावा (ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद), टोमॅटो-कांदा. यातलं बरंचसं मांस वाकिसो, मुकोनो, मसाका भागातल्या घरामागच्या गोठ्यांतून येतं. गोठ्यात चार-पाच डुकरं, आणि त्यांच्या जिवावर पोरांची शाळेची फी.

सगळ्यात महागात पडते ती दलालाला थेट गोठ्यात नेण्याची चूक. तो सकाळपासून चार गोठे फिरून आलेला असतो. बुटांना तिथला चिखल, हातात तोच दोर. आफ्रिकन स्वाइन फीव्हर, डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य ताप, असाच दारोदार जातो. शेजारच्या केनियातून १९२१ साली या रोगाचं पहिलं शास्त्रीय वर्णन आलं, आजही त्यावर औषध नाही. विकायचं जनावर आपणच फाटकाबाहेर आणा, दोर आपला वापरा. दलाल कुरकुरला तर कुरकुरू द्या.

दुसरी चूक भीतीपोटी होते. शेजारी डुक्कर मेलं की लोक रातोरात पडेल भावाने जनावरं काढतात. त्यांना दोष देववत नाही, फी भरायचीच असते. पण हा विषाणू मांसात टिकतो. तेच मांस शहरात जातं आणि हॉटेलचं खरकटं होऊन कुणाच्या तरी गोठ्यात परततं. खरकटं घालायचंच असेल तर अर्धा तास खळखळ उकळा, आणि कच्च्या खरकट्याची बादली वेगळी ठेवा.

जनावर खात नाही, अंग तापलंय, म्हणून लगेच सुई टोचू नका. कातडीवर शंकरपाळ्याच्या आकाराचे फुगलेले लाल चट्टे दिसले तर एरिसिपेलस हा जिवाणूंचा रोग असू शकतो, त्याला पेनिसिलिनने उतार पडतो. कान-पोट लालनिळं पडलंय, लहानमोठी एकामागून एक मरताहेत, तर आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा संशय घ्या, एकही जनावर हलवू नका. पशुवैद्याला बोलवा, खात्री प्रयोगशाळेतच होते.

डुकरं मोकाट सोडू नका. माणसाची विष्ठा खाल्ली की मांसात फीतकृमीच्या गाठी होतात. पैदाशीसाठी दुसऱ्याचा नर मागून आणणंही तितकंच धोक्याचं, त्याच्यासोबत रोगही गोठ्यात येतो.

आणि नजरेच्या अंदाजाने विकू नका. शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि कानांच्या मधोमधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३, म्हणजे अंदाजे किलो. घेर १ मीटर, लांबी ०.९ मीटर असेल तर सुमारे ६२ किलो. दलाल पन्नास म्हणाला, तर फाटकाबाहेरच टेप त्याच्या हातात द्या.